मी बंद केलेला नंबर

सांगलीत आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी गेली अठरा-वीस वर्षं लोकांच्या वेबसाइट सांभाळते. सांभाळते हाच शब्द बरोबर आहे. नवीन काही उभं करायची हौस कधीच फिटली. आता जे आहे ते पडू नये एवढंच बघायचं. तासगावची दोन कोल्ड स्टोरेज, एक हळदीचे व्यापारी, एक वाचनालय आणि एका शिक्षणसंस्थेचं नर्सिंग कॉलेज, एवढी माझी गिऱ्हाइकं. शेजाऱ्यांच्या लेखी मी कॉम्प्युटरवाली, त्यामुळे गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला की तो माझ्याच दारात येतो. पूर्वी मी चिडायचे. आता प्रिंटरही बघून देते, कारण नाही म्हणायला जास्त ताकद लागते.

कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म मीच लिहिलेला. साधा होता. मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, माहिती आणि मार्क लिहायचे, शेवटी फोटो चढवायचा. चढवलेला फोटो लहान करून तिकिटाएवढा करणं, हे काम मात्र मी स्वतः लिहिलेलं नव्हतं. ते सहसा कुणीच स्वतः लिहीत नाही. जगात कुठंतरी बसून काही माणसं असे प्रोग्राम लिहितात आणि सगळ्यांना फुकट वापरायला ठेवतात. आमच्या धंद्यात त्याला लायब्ररी म्हणतात. चित्रांची अशी एक लायब्ररी मी खूप वर्षांपूर्वी घेतली, फॉर्मला जोडली आणि विसरून गेले.

एका उन्हाळ्यात त्या लायब्ररीच्या लोकांचा मेल आला. जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलंय, असं त्यात लिहिलं होतं. चित्राच्या प्रत्येक फाइलीत सुरुवातीलाच ते चित्र किती रुंद आणि किती उंच आहे, ते नोंदलेलं असतं. आमची लायब्ररी तो आकडा वाचायची आणि पुढचामागचा विचार न करता सर्व्हरवर तेवढी जागा अडवून बसायची. फाइल लहान असली तरी उघडल्यावर चित्र अवाढव्य असू शकतं. घडी घातलेली ताडपत्री स्कूटरच्या डिकीत मावते आणि पसरली की अंगणभर होते, तसं. कुणी मुद्दाम अशी फाइल धाडली तर सर्व्हर तिच्यातच गुंतून पडेल आणि बाकी कुणालाच उत्तर देऊ शकणार नाही. नवीन आवृत्तीत हे दुरुस्त केलंय, ती घ्या, असं त्यांनी नम्रपणे सुचवलं होतं.

मी तो मेल नीट वाचला. मला तो कळलाही. खूण करून ठेवला आणि पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. कॉलेजच्या परीक्षेची हॉल तिकिटंही तीच लायब्ररी तयार करायची; नवीन आवृत्ती घेतली की त्यांच्यावरची मराठी नावं बिघडतील अशी मला धास्ती होती, आणि ती निस्तरत बसायचं अगदी जिवावर आलं होतं. शिवाय नर्सिंग कॉलेजवर हल्ला करायला कोण रिकामं बसलंय, असंही वाटलं. मला थकवा आला की मी कामं पुढे ढकलते आणि त्याला नियोजन म्हणते. त्या मेलाचं नियोजन मी सगळा उन्हाळा केलं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सर्व्हर बसला. पाठोपाठ कॉलेजच्या सचिवांचा फोन आला. सचिव साठीचे गृहस्थ, बोलायला गोड, पण कुठल्याही अडचणीत त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"मॅडम, हे आपल्याकडून झालंय का बाहेरून?"

"बघते," मी म्हटलं.

सर्व्हर चालू केला, तो पाच मिनिटांत परत बसला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मग नोंदी काढल्या. एकाच मोबाइल नंबरावरून एकच फाइल येत होती, जेमतेम चारशे केबीची. तिच्यातला रुंदी-उंचीचा आकडा बघितला आणि मी खुर्चीत ताठ बसले. मेलात सांगितलं होतं ते हुबेहूब हेच. मी सर्व्हर उभा करायची खोटी, की तो नंबर फाइल घेऊन हजर. अकरा वेळा. कोण आहे तो, पण चिवट आहे, असं मी मनाशी म्हटल्याचं आठवतंय. 'तो' असंच म्हटलं होतं.

खरं सांगायचं तर मला राग आला आणि बरंही वाटलं. राग यासाठी की करायचं ते काम मी केलं नव्हतं. आणि बरं यासाठी की आता माझ्या आळसापुढं उभं करायला एक शत्रू मिळाला होता. मी तो नंबर बंद केला. बंद केलेल्या नंबराला पडद्यावर काहीतरी उत्तर दाखवावं लागतं, तेही मीच टाइप केलं: 'संशयास्पद हालचालींमुळे हा मोबाइल क्रमांक बंद करण्यात आला असून त्याची नोंद घेण्यात आली आहे.' शेवटचा तुकडा नुसता दम द्यायला होता. नोंद कुणीच घेतली नव्हती.

सचिवांना फोन करून सांगितलं, बाहेरून झालंय. त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन तास फॉर्म बंद राहिला म्हणून संस्थेनं सगळ्यांना एक दिवस वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लायब्ररीची नवीन आवृत्ती घेतली. पाऊण तास लागला. हॉल तिकिटावरची नावं जशीच्या तशी राहिली.

त्यानंतर तीनेक आठवडे बरे गेले. यादी लागली, जागा भरल्या. मधल्या काळात सचिवांनी त्या हल्ल्याची गोष्ट इतक्या लोकांना सांगितली होती की हल्ला दिवसेंदिवस मोठा होत चालला होता; शेवटी माझ्या कानावर आला तेव्हा तो परदेशातून झालेला होता. संस्थेच्या वर्धापनदिनी माझा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, साडी. मी नको म्हटलं, पण एकदाच म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी दोन शब्द बोललेलं नव्हतं. काम नीट चाललं की ते कुणाला दिसतच नाही, आणि बिघडलं की फोन येतो. तेव्हा शाल घ्यावी असं मलाही आतून वाटत होतं.

आपल्याकडे सत्कार म्हटला की फ्लेक्स आलाच. कॉलेजच्या गेटवर माझा फ्लेक्स लागणार होता. सांगलीतल्याच एका फ्लेक्सवाल्यानं मला मोबाइलवर फाइल धाडली आणि फोन केला.

"मॅडम, नाव आन् पदवी तेवढी बघून घ्या. मग प्रिंटला सोडतो."

फाइल लहानशी होती. लॅपटॉपवर उघडायला घेतली तर लॅपटॉप गपगार. आतला पंखा घरघरायला लागला, माऊस हलेना. मी आत जाऊन चहा करून आले तरी तसाच. शेवटी एकदाचं चित्र उघडलं. पिवळ्याजर्द रंगावर मी, हसरी, दहा वर्षांनी तरुण केलेली. मी माप बघितलं. वीस फूट बाय दहा फूट. जेवढं कापड छापायचं तेवढ्याच मापाची फाइल हे लोक करतात, आणि सगळीकडे एकच रंग पसरलेला असला की तिचं वजन नाममात्र राहतं. हल्लाबिल्ला काही नाही. सांगलीपासून जतपर्यंत कितीतरी फ्लेक्सवाले दिवसाला अशा फाइली करत असतील.

त्या अकरा वेळा आलेली फाइल मी पुरावा म्हणून जपून ठेवली होती, पण उघडून कधी बघितली नव्हती. विषाची बाटली कुणी चाखून बघत नाही, अशा थाटात मी ती बाजूला ठेवली होती. आता उघडली. लॅपटॉप पुन्हा अडला. मग वरून खाली हळूहळू पिवळा रंग उतरत आला, नुसता पिवळा, आणि मधोमध एका मुलीचा चेहरा. दोन वेण्या, कपाळाला भंडारा, फोटो काढताना श्वास रोखून धरलेला. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी फेट्याचा तुरा पुसायचा राहिला होता. खालच्या बाजूला 'अभिनं' एवढीच अक्षरं उरली होती.

मग सगळं समजलं. गावानं बारावी पास झाल्याबद्दल मुलीचा अभिनंदनाचा फ्लेक्स लावला असणार. फॉर्मसाठी फोटो हवा म्हणून ती त्याच फ्लेक्सवाल्याकडं गेली असणार. त्यानं बाकीची तोंडं आणि मजकूर पिवळ्या रंगानं झाकून तिचा एकटीचा फोटो करून दिला. फोटो पाचशे केबीच्या आत हवा, ही माझ्या फॉर्मवरची अट त्यानं काटेकोर पाळली होती. कापडाचं माप तेवढं बदलायचं राहिलं होतं. माप केवढं असावं, हे मी फॉर्मवर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

तिचा अर्धा भरलेला फॉर्म सर्व्हरवर होता. तासगावच्याही पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातलं गाव. बारावी सायन्स. यादीत शेवटी लागलेल्या मुलीपेक्षा हिचे मार्क जास्त होते. संस्थेनं वाढवून दिलेला तो एक दिवस सगळ्यांना मिळाला, फक्त हिला नाही.

आधी मुलीला फोन करायला हवा होता. मी तो केला नाही. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. मी सचिवांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यादी लागलीय मॅडम. वर्ग भरलाय. आता कुणाला उठवू?"

"मी लेखी देते. चूक माझी आहे, तिची नाही."

"लेखी कशाला? परवा तुमचा सत्कार आहे."

"सत्कार नको."

"अहो, फ्लेक्स छापून आलाय," ते म्हणाले, आणि ते खरोखर अडचणीत पडल्यासारखे दिसले.

मी बरोबर आणलेलं पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये सरकवलं. पुढच्या वर्षी तिला फॉर्म भरू दे, मी स्वतः लक्ष घालतो, असं म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही ड्रॉवरच उघडला असता. सत्काराच्या दिवशी मी ताप आल्याचं कळवलं. खरं कारण सांगायचं म्हटलं असतं तर ते स्टेजवर उभं राहून सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. कॉलेजवरून जायला लागू नये म्हणून पुढं कितीतरी दिवस मी लांबच्या रस्त्यानं रिक्षा न्यायला सांगत होते.

तिच्या नंबरावर फोन लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. चौथ्या दिवशी मी एसटीत बसले. तासगावपर्यंत द्राक्षांचे मळे आणि बेदाण्याची रिकामी शेडं मागं पडत गेली, मग हिरवं कमी होत गेलं आणि माळ सुरू झाला. जाताना मनाशी वाक्यं जुळवत होते. सर्व्हर, लायब्ररी, आवृत्ती. एकही वाक्य तिथं नेण्यासारखं नव्हतं. फाट्यावर उतरले आणि विचारत विचारत वस्तीवर पोचले.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारापुढं कडब्याची गंज होती आणि तिच्यावर झाकायला फ्लेक्स टाकला होता, छापलेली बाजू वर. वीस फूट बाय दहा फूट पिवळं कापड, चार कोपऱ्यांवर दगड. मधला चेहरा मला पाठ झालेला होता. इथं फेट्यातली माणसंही शाबूत होती.

दारात मुलीची आई सुपात मटकी निवडत बसली होती. मुलीचा बाप मेंढरांमागं रानात गेला होता. मी कॉलेजकडून आलेय असं म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आता आनी काय केलं हिनं?" ती म्हणाली.

आतल्या दाराशी मुलगी येऊन उभी राहिली. फोटोपेक्षा बारीक दिसत होती. आई तिच्याकडं बघत नव्हती. मी काही बोलायच्या आधी आईच बोलत सुटली.

"शेवटच्या दिशी त्या मोबाइलवर काय तरी लिवून आलं. शेजारच्यानं वाचून दावलं. म्हनला, पोरीचा नंबर सौंशयात हाय, नोंद झालीया. कशाची नोंद, पोलिसात का, म्हनून इचारलं, तर म्हनला आसंल. आवं ताई, पोरीच्या हातात मोबाइल, आन् त्यात आसं लिवून येतंय, मग माणसानं काय समजायचं? तवापास्नं मोबाइल पेटीत टाकलाय. हिच्यासंगं मी बोलतबी न्हाई. गावात लोकं इचारत्यात, काय केलं पोरीनं मोबाइलवर. काय सांगू?"

ते वाक्य मी टाइप केलं होतं. चहाचा कप हातात धरून, दुसऱ्या हातानं. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. मी तिथंच जोत्यावर बसले.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "आणि ते खोटं होतं."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. जुळवलेली सगळी वाक्यं मी सोडून दिली. गंजीवरच्या फ्लेक्सकडं हात केला. "हिनं धाडलेला फोटो एवढा मोठा होता. लहान दिसत होता, पण माप हेच होतं. माझ्या मशीनला तो झेपला नाही आणि मशीन बंद पडलं. मशीन नीट करायला मला कित्येक महिने आधी सांगून ठेवलं होतं. मी केलं नाही. उलट मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय, म्हणून हिचा नंबर बंद केला."

"मला वाटलं नेट गेलंय," मुलगी पहिल्यांदाच बोलली. "म्हनून परत परत चढवला. कॉलेजला फोनबी केलता. ते म्हनले, साइटवर हल्ला झालाय, नंतर बघा."

"अकरा वेळा चढवलास तू."

"मी न्हाई मोजलं," ती म्हणाली.

मी दोघींची माफी मागितली. कॉलेजच्या जागा भरल्या आहेत हेही सांगितलं, आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः येऊन भरून घेईन असंही. मुलीनं मान हलवली. पुढचं वर्ष म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. वर्षभरात इथं मुलींची लग्नं होऊन जातात. आई मात्र अजून मागच्याच गोष्टीपाशी थांबली होती.

"म्हंजी हिनं कायबी केलं न्हाई?"

"काही नाही. फॉर्म भरत होती, बास."

"मग त्ये लिवून द्या," ती म्हणाली. "मी तोंडानं सांगितलं तर गावात कोन ऐकतंय? त्येबी लिवलेलंच आलतं न्हवं."

मुलगी आत जाऊन बायोलॉजीची वही घेऊन आली. मधलं पान काढून तिनं माझ्यापुढं ठेवलं, खाली धरायला वहीही दिली. सचिवांना दिलेल्या पत्रात मी दीड पान खर्ची घातलं होतं. इथं पाच ओळींत झालं. खाली सही केली, माझा फोन नंबर लिहिला. पान आईच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांसमोर धरलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग पान मुलीच्या बाजूला धरलं.

मुलगी दाराला टेकून वाचू लागली. शाळेत उभं राहून वाचतात तशी, एकसुरी.

"या मुलीनं फॉर्म वेळेत भरला होता. तिनं कोणताही गैरप्रकार केलेला नाही. दोष माझ्या मशीनमध्ये होता, तो मला माहीत होता, आणि मी तो वेळेवर दुरुस्त केला नाही. तिचा नंबर मी चुकून बंद केला. तिची काहीही चूक नाही."

वाचून झाल्यावर तिनं पान खाली घेतलं. आई जमिनीकडं बघत होती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग महिन्याभरात पहिल्यांदा आई मुलीशी बोलली.

"परत वाच," ती म्हणाली. "सावकाश वाच."